दात्याची लाज

तैत्तिरीय उपनिषदातील शीक्षावल्लीचा अनुवाद करताना एका लहानशा शब्दापाशी लेखणी अडते. अध्ययन पुरे करून गृहस्थाश्रमात पाऊल टाकणाऱ्या शिष्याला आचार्य निरोप देत आहेत. कसे वागावे, कोणाचा आदर करावा हे सांगून झाल्यावर दानाचा विषय निघतो. दान श्रद्धेने करावे हे कोणीही सांगेल. परंतु ते 'ह्री' मनात धरून करावे असेही आचार्य सांगतात. श्रीशंकराचार्यांनी या शब्दाचा अर्थ सरळ 'लज्जा' असा दिला आहे. अलीकडील अनुवादक बहुधा 'विनय' किंवा 'नम्रता' असा सौम्य पर्याय पत्करतात, कारण लाज हा शब्द येथे त्यांना अवघड वाटतो. देणाऱ्याने का म्हणून लाजावे? लोकव्यवहारात लाजतो तो घेणारा. हात पुढे करताना त्याची मान खाली जाते. देणाऱ्याची मान ताठ असते, आणि पुष्कळदा ती देण्यामुळेच अधिक ताठ होते. श्रुतीने मात्र लाज घेणाऱ्याच्या पदरातून काढून देणाऱ्याच्या पदरात घातली आहे.

ही अदलाबदल केवळ शिष्टाचाराची आहे, की तिच्यामागे काही धर्मविचार आहे? आपल्या गावचा, आपल्या ज्ञातीचा किंवा आपल्या संप्रदायाचा दाता उदाहरणाला घेतला, तर मन एका बाजूला झुकल्यावाचून राहत नाही. म्हणून ज्याच्याशी आपला काडीचाही संबंध नाही, असा एक दाता पाहू. तो होता अमेरिकेतील एक पेढीवाला. कॅलिफोर्नियात सोने सापडले त्या धामधुमीत तो तेथे पोचला, धनाढ्य झाला, आणि उत्तरायुष्यात त्याने गरिबांसाठी एक असे काम केले की ते दान म्हणावे की व्यापार, हा प्रश्न आजही सुटत नाही. त्यांचे नाव डेरियस ऑग्डेन मिल्स.

मिल्स यांचा जन्म १८२५ साली न्यू यॉर्क राज्यातील नॉर्थ सेलम या गावी झाला. वडील लवकर वारले. तरुण वयातच त्यांनी कारकुनी पत्करली आणि पुढे बफेलो शहरातील एका बँकेत रोखपालाचे पद मिळवले. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात अमेरिकन नदीकाठी, कोलोमा येथे, जेम्स मार्शल नावाच्या सुताराला एका लाकूड-गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. ही वार्ता पसरली आणि जगाच्या चारी दिशांनी माणसे तिकडे लोटली. कॅलिफोर्नियात मूळ रहिवाशांखेरीजची वस्ती १८४८ साली सुमारे चौदा हजार होती, ती १८४९ संपेपर्यंत एक लाखाच्या आसपास गेली. या लोंढ्यात मिल्सही होते. पनामाच्या वाटेने ते १८४९ साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. मात्र त्यांनी फावडे हाती घेतले नाही. खाण खणणाऱ्याला पीठ लागते, कुदळ लागते, कांबळे लागते, हे त्यांनी ओळखले. सॅक्रामेंटो येथे माल विकण्यास आरंभ केला, आणि पाठोपाठ तेथेच पेढी घातली.

त्या काळच्या पेढीचा व्यवहार समजून घेण्याजोगा आहे. खाणकरी कातड्याच्या पिशवीत सोन्याची भुकटी घेऊन येई. टांकसाळीच्या हिशेबाने शुद्ध सोन्याचा भाव औंसाला २० डॉलर ६७ सेंट होता. पण खाणीच्या मुलखात भुकटीला सोळा डॉलरच्या आसपास मिळत. मधला फरक सगळाच लबाडीचा नव्हता. भुकटीत रुपे व माती मिसळलेली असे, ती आटवावी लागे, आणि सॅन फ्रान्सिस्कोत १८५४ साली टांकसाळ उघडेपर्यंत सोने समुद्रमार्गे पूर्व किनाऱ्यास धाडण्यात जोखीम होती. तथापि जो तराजू धरून बसला होता, तो खणणाऱ्यापेक्षा निश्चितपणे अधिक मिळवीत होता. ज्याने पहिला कण पाहिला तो मार्शल १८८५ साली दारिद्र्यात मेला. ज्याच्या गिरणीपाशी तो सापडला ते जॉन सटर आपली लुबाडली गेलेली जमीन भरून मिळावी म्हणून वॉशिंग्टनला सरकारदरबारी अर्ज करीत १८८० साली वारले. मिल्स यांची पेढी मात्र वाढत गेली. नेमस्त, मितभाषी, उधळपट्टी नाही, जुगार नाही, दिलेला शब्द पाळणारे, अशी त्यांची ख्याती होती. आणि ज्या गावात एका रात्रीत माणसे श्रीमंत व एका रात्रीत भणंग होत, तेथे या गुणांनाच सोन्याचा भाव होता.

१८६४ साली बँक ऑफ कॅलिफोर्निया स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष मिल्स झाले. रोखपाल होते विल्यम रॉल्स्टन, मिल्स यांच्या अगदी उलट स्वभावाचे: उमदे, उधळे, शहरावर जीव टाकणारे. दोघांच्या या जोडीने पश्चिम किनाऱ्याचा पैसा एका हाती आणला. शेजारच्या नेवाडा प्रदेशात कॉमस्टॉक नावाची रुप्याची अफाट शीर १८५९ साली प्रसिद्धीस आली होती. तेथे खनिज कुटण्याच्या गिरण्या चालवणाऱ्यांना बँकेने आपला प्रतिनिधी विल्यम शेरन याच्यामार्फत दरमहा दरशेकडा दोन या व्याजाने कर्जे दिली. हा दर आज भयंकर वाटेल, पण इतर सावकारांच्या मानाने तो कमी होता, म्हणून ऋणको आनंदाने आले. पुढे खाणीत चांगले खनिज मिळेनासे झाले, गिरण्या थंडावल्या, हप्ते थकले, आणि गिरण्या एकामागून एक बँकेच्या ताब्यात आल्या. १८६७ साली बँकेच्या आतल्या मंडळींनी त्या एका स्वतंत्र कंपनीच्या नावे करून घेतल्या. मिल्स त्या मंडळींत होते. मग ज्या खाणींवर त्यांचे वजन होते, त्यांचे खनिज याच गिरण्यांकडे वळू लागले, आणि १८६९ साली ते वाहून नेण्यास आगगाडीही यांचीच झाली. प्रत्येक पावलाला कायद्याचा आधार होता. जप्तीचे कागद नियमाप्रमाणे होते. गिरणीवाल्याने सही केली होती, हेही खरे होते.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदली पाहिजे. १८७३ साली मिल्स अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. रॉल्स्टन यांनी बँकेचा पैसा आपल्या अचाट उद्योगांत गुंतवला होता. २६ ऑगस्ट १८७५ रोजी बँकेचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवशी रॉल्स्टन यांचा राजीनामा घेण्यात आला, आणि त्याच दुपारी नित्याप्रमाणे समुद्रात पोहावयास गेले असता त्यांना मृत्यू आला. तेव्हा मिल्स परत आले, त्यांनी स्वतःचे दहा लाख डॉलर घातले, इतर धनिकांकडून हमी मिळवली, आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी बँक पुन्हा उघडली. ठेवीदारांचे पैसे वाचले. आता यात त्यांचा स्वतःचाही स्वार्थ होता हे खरे. पण ज्याला पळून जाणे शक्य असते तो राहिला, एवढे पुण्य त्यांच्या खात्यावर मांडावेच लागेल.

पुढे ते न्यू यॉर्कला राहावयास गेले, आणि आपल्या प्रश्नाशी ज्याचा साक्षात संबंध आहे ते काम त्यांनी तेथे केले.

त्या शहरात बेघर माणसाला रात्र काढण्यास एक फुकट सोय होती: पोलीस ठाण्यातील निवाऱ्याची खोली. तेथे अंथरूण नसे. उघड्या फळ्या असत, आणि त्यांवर ओळीने माणसे पडत. जेकब रीस या डॅनिश तरुणाने १८७० साली अमेरिकेत आल्यावर अशी एक रात्र काढली, आणि पुढे नामांकित वार्ताहर झाल्यावर आपल्या आत्मवृत्तात तिचे वर्णन केले. रात्रीत कोणीतरी त्याच्या गळ्यातील सोन्याचे पदक चोरले. तक्रार केली तर ठाणेदाराने त्यालाच चोर ठरवून बाहेर हाकलले. त्याच्या मागे लागलेला एक भटका कुत्रा होता, त्याला दारावरच्या शिपायाने आपटून मारले. रीस हा अपमान विसरला नाही. सव्वीस वर्षांनी, १८९६ साली, थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे प्रमुख असताना त्याच्या खटपटीने या खोल्या कायमच्या बंद झाल्या.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तामस दानाच्या लक्षणात दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत: 'असत्कृत' आणि 'अवज्ञात'. पहिल्याचा अर्थ, जेथे घेणाऱ्याचा सत्कार नाही. दुसऱ्याचा अर्थ, जेथे त्याचा तिरस्कार आहे. वाचताना हे दोन्ही एकच वाटतात, पण पोलीस ठाण्यातील ती फळी डोळ्यांपुढे आणली म्हणजे दोहोंतील भेद कळतो. उघडी फळी हे असत्कृत; ठाणेदाराची शिवी हे अवज्ञात. आणि दोन्हीही फुकट होती.

आपल्याकडेही हे अनोळखी नाही. माझ्या गुरुजींनी विद्यार्थिदशेत वारावर जेवून अध्ययन केले होते. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी सात घरे. वार्धक्यात त्यांना कोणत्या घरी काय वाढले हे काहीएक आठवत नसे. पण कोणाच्या घरी पाट पंक्तीत मांडला होता आणि कोणाच्या घरी मागल्या पडवीत, हे ते सातही घरांचे सांगत. पडवीतले अन्नही चांगले असे, असे ते आवर्जून म्हणत.

पोलीस ठाण्यांतील निवारे बंद झाल्याच्या पुढल्याच वर्षी, १८९७ साली, मिल्स यांनी ब्लीकर स्ट्रीटवर 'मिल्स हाउस' उघडले. अर्नेस्ट फ्लॅग या निष्णात स्थपतीने ते बांधले. दोन प्रचंड चौक, त्यांवर काचेचे छप्पर, आणि भोवताली सुमारे दीड हजार खोल्या. खोली अगदी लहान, जेमतेम एक खाट मावेल एवढी. पण प्रत्येक खोलीला खिडकी, मग ती रस्त्याकडे असो की चौकाकडे, आणि प्रत्येक खोलीला दार, जे आतून लावता येई. स्नानाची सोय, कपडे धुण्याची सोय, वाचनाची दालने. भाडे रात्रीला वीस सेंट. तळघरात भोजनगृह, तेथे पंधरा सेंटांत पोटभर जेवण. मागाहून अशी आणखी दोन घरे निघाली. ही सर्व पुरुषांसाठी होती. निराधार स्त्रीला त्या शहरात दुसरा दरवाजा शोधावा लागे. दिवसा खोल्यांत राहता येत नसे, म्हणजे कामधंदा शोधण्यास बाहेर पडणे भागच होते.

आणि महत्त्वाची गोष्ट ही की, आपला हा उद्योग म्हणजे दानधर्म नव्हे, असे मिल्स आग्रहाने सांगत. घराने स्वतःचा खर्च भागवावा आणि गुंतवलेल्या भांडवलावर माफक नफाही द्यावा, अशीच त्यांची आखणी होती. वीस सेंट देणारा मनुष्य याचक नव्हता, गिऱ्हाईक होता. खाट मोडकी असली तर तो तक्रार करू शके. त्याची चौकशी कोणी करीत नसे, त्याला प्रार्थनेस बसवीत नसे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणाचेही उपकार डोक्यावर न घेता रस्त्यावर येई.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत एका पारशी गृहस्थांच्या मनात असाच विचार घोळत होता, हे येथे सांगितले पाहिजे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली हिंदी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी विलायतेस पाठवण्याकरिता निधी स्थापला, तो देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. विद्यार्थ्याने शिकून यावे, कमवावे आणि रक्कम परत करावी. म्हणजे तोच पैसा दुसऱ्याच्या कामी येईल आणि पहिल्याची मान वर राहील. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन व्यवहारी माणसांना एकाच दशकात हेच सुचले.

आता शास्त्राकडे वळू. मिल्स हाउस हे सात्त्विक दान आहे काय? उत्तर स्पष्ट आहे: नाही. सात्त्विक दान 'अनुपकारी' व्यक्तीला, म्हणजे ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला, केवळ देणे उचित म्हणून दिलेले असते. येथे परतफेड रोज सकाळी मोजून घेतली जात होती. तर मग राजस म्हणावे काय? राजस दानात प्रत्युपकाराची अपेक्षा असते, फळावर डोळा असतो, आणि ते 'परिक्लिष्ट' असते, म्हणजे देताना जीव कासावीस होतो. मिल्स यांचा जीव कासावीस झाल्याचे काही लक्षण नाही. फळावर डोळा होता, पण तो त्यांनी लपवला नाही. तेव्हा माझ्या मते याला दानाच्या कोष्टकात बसवण्याचा खटाटोप करू नये. हा व्यापार आहे, पण धर्म्य व्यापार आहे. आणि अवमान करून केलेल्या दानापेक्षा आदराने केलेला व्यापार पुष्कळ वरच्या पायरीचा आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. गीतेने वाणिज्याला वैश्याचे स्वभावज कर्म म्हटले आहे आणि आपापल्या कर्मानेच त्या परमात्म्याची अर्चना होते असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. वीस सेंटांची ती खोली अशी अर्चना ठरू शकते. आपल्या पुष्कळ अन्नछत्रांच्या चालकांनी, भिंतीवरील दात्यांच्या संगमरवरी पाट्या धुऊन झाल्यावर उरलेल्या वेळात, या खोलीचा विचार करावा.

मात्र एवढ्याने 'ह्री' या शब्दाचे कोडे सुटत नाही. मिल्स यांनी घेणाऱ्याची लाज नाहीशी केली, हे निर्विवाद. प्रश्न असा की, नाहीशी झालेली ती लाज त्यांनी स्वतःकडे घेतली काय?

देणाऱ्याने लाजावे कशाला, याचे एक उत्तर गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिळते. तेथे सृष्टीचे एक चक्र वर्णिले आहे. देवता माणसाला भोग देतात, माणसाने यज्ञाने ते त्यांना परत पोचवावेत. आणि जो त्यांचे त्यांना न देता स्वतःच भोगतो त्याला भगवान एका नेमक्या शब्दाने संबोधतात, 'स्तेन'. स्तेन म्हणजे चोर. लक्षात घ्या, येथे ज्याला चोर म्हटले आहे त्याने कोणाची भिंत फोडलेली नाही. त्याला जे मिळाले ते रीतसर मिळाले. त्याचा अपराध एवढाच की, ते ज्याच्याकडून आले त्याच्याकडे वळून त्याने पाहिले नाही. मग दान म्हणजे काय? जे अगोदरच दुसऱ्याचे होते त्याचा काही अंश परत करणे. ऋण फेडताना कोणी ताठ मानेने फेडत नाही. उशीर झाला असेल तर लाजतच फेडतो. माझ्या समजुतीप्रमाणे श्रुतीतील 'ह्री' ती हीच, आणि म्हणून मी अनुवादात 'विनय' न घालता 'लाज' हाच शब्द ठेवतो.

मिल्स यांचे धन कोठून आले? कोलोमा, जेथे पहिले सोने दिसले, ती निसेनान नावाच्या मूळ रहिवाशांची वस्ती होती. सोने सापडण्याच्या वेळी कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पंचवीस वर्षांच्या आत ते तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार, आणि उघड कत्तल. १८५० साली राज्याने मूळ रहिवाशांच्या 'संरक्षणाचा' म्हणून जो कायदा केला, त्याने भटका ठरवलेल्या मनुष्याला मजुरीसाठी बोली लावून देता येई, आणि मुलांना परक्या घरी राबवता येई. स्वयंसेवक टोळ्यांच्या मोहिमांचा खर्च भागवण्यास राज्याने कर्जरोखे काढले. १८५१-५२ साली केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी निरनिराळ्या जमातींशी अठरा करार केले आणि त्यांत जमिनी राखून ठेवण्याचे वचन दिले. सेनेटने ते नामंजूर केले आणि कागद गुप्त म्हणून मोहोरबंद ठेवले. ते १९०५ साली उघडले गेले. तोवर ज्यांना वचन दिले होते त्यांतील बहुतेक जण मरून गेले होते.

परदेशी खाणकऱ्यांवर १८५० साली महिना वीस डॉलर कर बसला. त्याने मेक्सिकन हुसकले गेले आणि पुढल्या करांचा भार चिनी खाणकऱ्यांवर पडला. डोंगर पाण्याच्या झोताने फोडून काढण्याची जी रीत निघाली, तिने नद्या गाळाने भरल्या, खालची शेते बुडाली, आणि १८८४ साली न्यायालयाने मनाई करीपर्यंत ते चालले. सोने धरण्यासाठी वापरलेला पारा त्या नद्यांच्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या गाळात अजून आहे.

यांतील एकही गोष्ट मिल्स यांनी केली असे मी म्हणत नाही. ते सॅक्रामेंटोत पेढीवर बसून सोने तोलीत होते. तथापि जे तोलीत होते ते याच नद्यांतून येत होते. मिल्स यांच्यापुढील खरा धर्मप्रश्न, 'मी चोरी केली काय?' हा नव्हता. 'हे कोणाकडून आले?' हा होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायदा देतो. दुसरा प्रश्न ज्याला लाज आहे त्यालाच सुचतो.

त्यांनी कॅलिफोर्नियाला काहीच परत केले नाही असे मात्र नव्हे. राज्याच्या विद्यापीठाचे ते कित्येक वर्षे कोषाध्यक्ष होते, आणि १८८१ च्या सुमारास त्यांनी ७५,००० डॉलर देऊन तेथे तत्त्वज्ञानाचे व नीतिशास्त्राचे अध्यासन स्थापले. लिक वेधशाळेला त्यांनी साहाय्य केले. त्यांच्या पैशाने एक ज्योतिषी-पथक १९०३ साली दक्षिण अमेरिकेत चिली देशातील सँतियागोजवळच्या टेकडीवर गेले, आणि उत्तर गोलार्धातून न दिसणाऱ्या ताऱ्यांचे वेग मोजण्याचे काम तेथे पुढे पंचवीस वर्षे चालले. तारे काही परत देत नाहीत. सात्त्विकतेच्या अगदी जवळ जाणारे त्यांचे एखादे देणे असेल तर ते हेच, असे मला वाटते. फक्त पथकालाही त्यांचे नाव होते, जसे घरांना होते, अध्यासनाला होते, दूरदर्शकाला जोडलेल्या यंत्राला होते. फळाची आसक्ती पैशाच्याच रूपाने येते असे नाही. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचा मनुष्य मनाशी काय काय बोलतो ते सांगितले आहे: आज हे मिळवले, उद्या ते मिळवीन, शत्रू मारले, मी धनवान, मी कुलवान, आणि त्या ओळीच्या शेवटी तो म्हणतो, 'दास्यामि', मी देईन. देणे हेही तेथे आसुरी वाक्यात मोजले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्या वाक्यात दोष 'देईन' या क्रियापदात नाही, त्याच्या पोटात दडलेल्या 'मी'त आहे. मिल्स यांना आसुरी म्हणणे हा अन्याय होईल. ते सौम्य आणि सरळ गृहस्थ होते. परंतु सौम्य माणसाच्या मनातही ते सर्वनाम राहू शकते, आणि ते आपल्या घरातही राहते.

गृहस्थाश्रमी वाचकाला वाटेल, लक्षाधीशांच्या या हिशेबाशी आम्हाला काय करावयाचे? पण आपल्या घरी येणाऱ्या मोलकरणीला सणाला लुगडे देताना आपल्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते निरखून पाहावे. वर्षभर तिला जो पगार दिला तो तिच्या श्रमाला पुरेसा होता काय, हा प्रश्न त्या समाधानाखाली अलगद झाकला जातो. लुगडे आदराने दिले, पाटावर बसवून दिले, तरी तो झाकलेलाच राहतो. आदर ही अर्धी गोष्ट झाली. मिल्स यांनी ती अर्धी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा अधिक चांगली साधली होती.

उरलेल्या अर्ध्या गोष्टीची एक विलक्षण हकीकत आहे. मिल्स यांच्या निधीतून निघालेल्या अध्यासनावर १८८४ साली जॉर्ज होम्स हॉविसन हे तत्त्वज्ञ आले. त्यांनी १८९५ साली बर्कलीला व्याख्यानासाठी जोसाया रॉइस यांना पाचारण केले. हे रॉइस १८५५ साली कॅलिफोर्नियाच्या खाणमुलखातच, ग्रास व्हॅली या गावी, सोन्याच्या ओढीने आलेल्या आईबापांच्या पोटी जन्मले होते. पुढे ते हार्वर्डचे विख्यात तत्त्वज्ञ झाले आणि त्यांच्या मोठ्या ग्रंथात उपनिषदांचाही विचार आला. पण त्याआधी, १८८६ साली, त्यांनी आपल्या जन्मभूमीचा एक इतिहास लिहिला होता. सोन्याच्या वर्षांत आलेल्या लोकांनी परक्यांना कसे लुटले, न्यायाच्या नावाखाली कसे फाशी दिले, आणि जमिनीला व शेजाऱ्याला आपण काही देणे लागतो ही जाणीव कशी सोडली, हे त्यांनी त्यात कोणाची भीड न ठेवता मांडले. सोने तोलणाऱ्याच्या पैशाने चालणाऱ्या आसनावरील आचार्य, आणि सोने शोधणाऱ्यांच्या घरचा मुलगा, असे दोघे त्या दिवशी एका सभागृहात ईश्वराच्या स्वरूपावर वाद करीत होते. मिल्स तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि न्यू यॉर्कला ब्लीकर स्ट्रीटचे घर अजून उभे राहावयाचे होते.

त्याच विद्यापीठात पुढे आर्थर रायडर हे संस्कृताचे अध्यापक झाले. त्यांनी १९२९ साली गीतेचा इंग्रजी पद्यानुवाद प्रसिद्ध केला, आणि त्यांच्यापाशी १९३३ च्या सुमारास रॉबर्ट ओपेनहायमर नावाचा तरुण पदार्थवैज्ञानिक गीता मुळातून वाचावयास शिकला.

मिल्स १९१० च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील आपल्या मिलब्रे येथील वाड्यात वारले. मागे ठेवलेली संपत्ती कोट्यवधी डॉलरांची होती. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी मूळ रहिवाशांची राज्याच्या वतीने लेखी क्षमा मागितली ती २०१९ साली. ब्लीकर स्ट्रीटवरील इमारत अजून उभी आहे. १९७० नंतरच्या दशकात तिच्या लहान खोल्या पाडून मोठी बिऱ्हाडे करण्यात आली, आणि ज्या चौकात एके काळी वीस सेंट देऊन आलेली माणसे संध्याकाळी वर्तमानपत्र वाचीत बसत, त्याच्याभोवती आता शहरातील सधन कुटुंबे राहतात.